तारेवर टाकलेला रुमाल

"आमच्या रानावरून तारा जातात, आणि मोटर मात्र रात्री दोनला चालू करायची." आमच्या मुखेड-देगलूर-उदगीर पट्ट्यात हे वाक्य लग्नात, मयतीला, कुठंही ऐकायला मिळतं. त्याला लागूनच दुसरं येतं: देगलूर ओलांडा, तेलंगणात शेतीला चोवीस तास लाईट. आणि मग तिसरं: आपली वीज पळवतात हो!

पहिल्या वाक्याबद्दल वाद नाही. दुसरं बरंचसं खरं. तेलंगणानं १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास वीज जाहीर केली (प्रत्यक्षात किती तास मिळते यावर तिकडेही पुढे जोरदार भांडणं झाली, पण ते असो). माझं भांडण तिसऱ्या वाक्याशी आहे. त्यानं आपला राग भलत्याच ठिकाणी खर्च होतो. मामा, हे तुमच्यासाठीच लिहितोय, रागावू नका.

डोक्यावरून जाणारी ४०० किंवा ७६५ केव्हीची लाईन म्हणजे आपल्या गावी न थांबणारी गाडी. ती तोडून आपल्या डीपीला जोडता येत नाही. विचारायचं ते हे, की त्या गाडीत जागा कोणाला मिळते आणि ते कोण ठरवतं?

मुखेडच्या स्टँडवर एसटी लागली की काय होतं? खिडकीतून रुमाल पडतो. मालक अजून टपरीवर चहा पीत असला तरी जागा त्याची. राज्याराज्यांमधल्या तारांवरची जागा आपल्या देशात कित्येक वर्षं जवळपास अशीच वाटली गेली. २००९ च्या नियमांप्रमाणे बारा ते पंचवीस वर्षांसाठी मागणाऱ्याचा मान पहिला. मग मध्यम मुदतवाले, मग महिन्याच्या बोलीवरचे. शेवटी दांड्याला लोंबकळायची जागा उरली, तर ती वीजबाजाराला.

याचा सगळ्यात वाईट अनुभव आपल्याच सीमेवर आला. दक्षिणेकडची ग्रीड तेव्हा देशाच्या ग्रीडपासून वेगळी होती. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला एक केंद्र आहे, तिथं एसी वीज डीसी करून लगेच परत एसी करतात आणि पलीकडे ढकलतात. क्षमता १००० मेगावॅट. अशा मोजक्या दारांतूनच दक्षिणेत मोठ्या प्रमाणावर वीज जायची. (त्याचा एकदा फायदाही झाला: जुलै २०१२ मध्ये उत्तर भारत लागोपाठ दोन दिवस अंधारात गेला, दक्षिणेला धक्का लागला नाही.) ३१ डिसेंबर २०१३ च्या रात्री सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्हीची लाईन चालू झाली आणि सगळा देश एका ग्रीडवर आला. पेपरात मोठे मथळे. पण तार जोडली म्हणजे जागा झाली असं नाही. दार भरलं की बाजार दोन तुकड्यांत मोडायचा, अलीकडे एक भाव, पलीकडे चढा भाव. मधल्या फरकाचे पैसे सरकारच्या ताब्यातल्या एका विकास निधीत जमा होत. दाटी कमी करणाऱ्या लाईनींसाठी हा निधी वापरता येतो. त्यातला किती पैसा खरंच त्या अरुंद दारावर लागला, हे मात्र सामान्य ग्राहकाला साध्या मराठीत कधीच कुणी सांगितलं नाही.

आता तेलंगणाचंच बघा, ज्याचा आपल्याला एवढा हेवा वाटतो. २०१४ मध्ये राज्य झालं तेव्हा विजेचा मोठा तुटवडा होता. २०१५ मध्ये छत्तीसगडशी १००० मेगावॅटचा करार केला आणि ती आणायला तारेवर जागा धरली २००० मेगावॅटची. म्हणजे एका माणसाचे दोन रुमाल! दुसरे हजार मेगावॅट कधी आलेच नाहीत. पुढे ती जागा सोडायची म्हटल्यावर पॉवरग्रिडनं भरपाई मागितली आणि भांडण लागलं. २०२४ मध्ये वीजखरेदीच्या चौकशीला आयोगही बसला. मी तेलंगणाला दोष देत नाही. रांगच अशी असेल तर शहाणा माणूस दोन रुमाल टाकणारच. दोष रांग लावणाऱ्याचा.

तुम्ही म्हणाल, न वापरलेली जागा रोजच्या रोज सुटतच होती की. सुटत होती, दुसऱ्या दिवसापुरती. पण "उद्याचं उद्या बघू" या भरवशावर कोणी तीन वर्षांचा करार करत नाही. युरोपात याला एक सरळ उपाय केला आहे. लांब मुदतीची जागा लिलावात विकतात, ती वापरली नाही तर आपोआप बाजारात जाते आणि पैसे मूळ धारकाला मिळतात. फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स यांनी नोव्हेंबर २००६ पासून दुसऱ्या दिवसाच्या विजेचे बाजार एकत्र जोडले, म्हणजे वीज विकत घेतली की तारेवरची जागा त्यातच आली. तीन वेगळे देश, बरं का! आणि आपण एका देशात राहून खिडकीतून रुमाल फेकत बसलो.

ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे नवी पद्धत आली. आता वीज कुठून आणणार हे आधी सांगावं लागत नाही, राज्याला ग्रीडमधून किती ओढायची याचा हक्क मिळतो. सुधारणा आहे, मान्य. पण राज्यांचा सुरुवातीचा हक्क ठरवला तो मागच्या काही वर्षांत त्यांनी किती वीज ओढली यावरून. काल ज्याचं ताट मोठं, त्याला आज वाढणी जास्त.

दोन राज्यांनी मिळून एखादी गोष्ट करायची म्हणजे काय, हे मुखेडला शिकवायला नको. गोणेगावचा लेंडी प्रकल्प १९८० च्या दशकातला; तेव्हा शेजारी आंध्र होता, आता तेलंगण आहे. शेजारी बदलला, प्रकल्प चालूच आहे. नेपाळनं भारताच्या तारांवरून बांगलादेशाला वीज दिली तीही ऑक्टोबर २०२४ मध्ये तिघांच्या सह्या झाल्यावर, ४० मेगावॅट, आणि १५ नोव्हेंबरला पहिल्या वर्षी फक्त एका दिवसापुरती, कारण कराराचा हंगाम त्याच दिवशी संपत होता. तरी तिथं निदान मेगावॅट किती, महिने कोणते, हे कागदावर सगळ्यांना दिसतं.

आपल्याला तेही दिसत नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना आता वीज एकाच ग्रीडची आहे. मग देगलूरच्या पलीकडे दिवसा मोटर चालते आणि अलीकडे पाळीनं रात्र येते, याचं उत्तर अर्धं दिल्लीच्या रांगेत आहे आणि अर्धं मुंबईत, राज्य आपला पैसा आणि आपला हक्क कोणत्या फीडरवर खर्च करतं त्यात. रात्री विंचूकाट्यात पाणी द्यायला जाणाऱ्याला हे दोन्ही हिशेब मागता आले पाहिजेत.

दरवाढीच्या सुनावणीला राज्याच्या वीज नियामक आयोगाकडे कोणीही लेखी हरकत देऊ शकतो. पुढच्या वेळी मी दोनच प्रश्न लिहून देणार आहे: महाराष्ट्राचा आंतरराज्य तारेवरचा हक्क किती मेगावॅट, आणि त्यातला किती दिवसाउजेडी रिकामा राहतो? मामा, सही तुमचीही लागेल.