सार्वभौम देव आणि कामसू माणूस

जगात जे घडते ते देवाच्या सत्तेखाली घडते आणि तारणाच्या बाबतीत माणसाची इच्छा मोकळी नसते, असे मानणाऱ्या ख्रिस्ती परंपरेवर एक आक्षेप शतकानुशतके घेतला जातो. सगळे आधीच ठरले असेल, तर माणसाने हातपाय हलवायचे कशाला? मराठी वाचकाला हा आक्षेप समजावून सांगावा लागत नाही. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आणि सटवाईने कपाळी लिहिलेला लेख, दोन्ही त्याच्या घरातलेच. त्यामुळे या परंपरेचा प्रमुख विचारवंत जॉन कॅल्व्हिन याची शिकवण म्हणजे नशिबाचाच ख्रिस्ती अवतार, असे तो चटकन धरून चालतो. हे गृहीतक चुकीचे आहे, आणि त्यामुळे एका गंभीर विचारावर अन्याय होतो.

पूर्वपक्ष मात्र दुबळा नाही. सप्टेंबर १५२४ मध्ये ख्रिस्ती विद्वान इरॅस्मसने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने ग्रंथ लिहिला तेव्हा त्याने नेमके वर्मावर बोट ठेवले. बायबल पानोपानी आज्ञा देते, वळायला आणि निवडायला सांगते. वळण्याची शक्तीच नसेल तर त्या आज्ञांना काय अर्थ उरतो? जे हातातच नव्हते त्याची शिक्षा देणाऱ्याला न्यायी कसे म्हणायचे? त्याच्या अकराशे वर्षे आधी रोममध्ये पेलेजियस याच प्रश्नाने अस्वस्थ झाला होता. तू जे करायला सांगतोस ते करण्याची शक्तीही तूच दे, अशा अर्थाची ऑगस्टीनची प्रार्थना त्याच्या कानी आली आणि तो भडकला. अशाने लोक आळशी आणि बेजबाबदार होतील, अशी त्याला धास्ती होती. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलेजियसची मते नाकारली, पण ती धास्ती काही गेली नाही.

मार्टिन ल्यूथरने डिसेंबर १५२५ मध्ये इरॅस्मसला दिलेले उत्तर बहुतेक टीकाकार अर्धेच वाचतात. घरदार, पैसाअडका, रोजचे व्यवहार यांत माणसाला निवड करता येते, हे ल्यूथर मान्य करतो. त्याचे म्हणणे एवढेच की देवाकडे वळण्याच्या बाबतीत माणसाची इच्छा बांधलेली असते. ती बांधणारी दोरी बाहेरची नसून माणसाच्या स्वतःच्या ओढीचीच असते. आज्ञेवरून ती पाळण्याची ताकद सिद्ध होत नाही. उलट आज्ञा पाळू गेल्यावरच माणसाला आपली दुर्बलता कळते, असे त्याचे उत्तर आहे. दारू सोडण्याची शपथ दहादा घेऊन दहादा मोडलेल्या माणसाला हे तत्त्वज्ञान शिकवावे लागत नाही.

जबाबदारीचा प्रश्न अमेरिकेतल्या जोनाथन एडवर्ड्सने १७५४ मध्ये अधिक काटेकोरपणे हाताळला. पाय मोडल्यामुळे चालता न येणे वेगळे आणि चालायची इच्छाच नसणे वेगळे. पहिल्याबद्दल कोणी दोष देत नाही, दुसऱ्याबद्दल सगळेच देतात. उलट बाजूने पाहा. ज्याला खोटे बोलणे जमतच नाही, त्याच्या सचोटीचे मोल ‘त्याला दुसरे काही शक्यच नव्हते’ म्हणून कोणी कमी करत नाही. एडवर्ड्सने हाच मुद्दा देवापर्यंत नेला. देव पाप करूच शकत नाही, असे इरॅस्मसचे अनुयायीही मानतात. तरी त्याची स्तुती करायला ते कचरत नाहीत. तेव्हा स्तुती किंवा निंदा होण्यासाठी ‘उलट वागता आले असते’ ही अट लागतेच, हा आक्षेपाचा पायाच डळमळीत आहे.

दैववाद आणि देवसत्ता यांतला फरक पाहायचा तर ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय उघडावा. कैदी म्हणून रोमला निघालेला पौल वादळात सापडलेल्या जहाजावर आहे. जहाजावर २७६ माणसे आहेत आणि एकाचाही जीव जाणार नाही, असे वचन त्याला मिळाले आहे. म्हणजे शेवट ठरला. चौदाव्या रात्री खलाशी नांगर टाकण्याचे निमित्त करून होडी पाण्यात सोडतात आणि पळायच्या बेतात असतात. तेव्हा पौल शताधिपतीला बजावतो की हे लोक जहाजावर राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. शिपाई होडीचे दोर कापतात. वचन पक्के होते म्हणून पौल गप्प बसला नाही. ज्याने शेवट ठरवला त्यानेच खलाशांचे राहणे आणि शिपायांचे दोर कापणेही त्या शेवटाच्या वाटेवर ठेवले होते. सटवाईच्या लेखात ही वाट नसते. तिथे माणूस पूर्वेला जावो की पश्चिमेला, व्हायचे ते होतेच.

हा फरक खुद्द कॅल्व्हिनपंथीयांतल्या काहींनाही कळला नव्हता, हे कबूल केले पाहिजे. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या काही बॅप्टिस्ट मंडळींत निवडलेल्यांना देव स्वतःच बोलावील, तेव्हा आपण कोणाला सुवार्ता सांगायचे कारण नाही, ही वृत्ती बळावली होती. तिचे खंडन बाहेरच्या कोणी केले नाही. १७८५ मध्ये अँड्र्यू फुलरने कॅल्व्हिनच्याच चौकटीत उभे राहून ते केले. त्याचा मित्र विल्यम कॅरी हा एकेकाळचा चांभार. त्याने १७९२ मध्ये एक पुस्तिका काढली. देवाच्या कामासाठी साधने वापरणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे, हाच तिचा विषय. तिच्यात देशोदेशींची लांबी, रुंदी, लोकसंख्या आणि धर्म यांचे तक्ते आहेत. देवाच्या सार्वभौमत्वावर पूर्ण भार टाकणारा माणूस आकडे मांडत बसला होता.

१७९३ मध्ये कॅरी बंगालात आला. पहिला बंगाली अनुयायी मिळायला सात वर्षे लागली. दरम्यान मुलगा गेला आणि पत्नीचे मन बिघडले. पुढे वैजनाथ शर्मा यांच्या मदतीने त्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये शब्दकोश छापला. ११ मार्च १८१२ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या त्याच्या छापखान्याला आग लागून कागद, खिळे आणि हस्तलिखिते जळून गेली. कॅरीने त्यातही देवाचा हात मानला आणि पुन्हा लिहायला बसला. ६ डिसेंबर १८२९ हा रविवार होता. सतीबंदीचा कायदा बंगालीत भाषांतरासाठी त्याच्याकडे आला. त्याने त्या दिवसाची उपासना दुसऱ्यावर सोपवली आणि पंडिताला घेऊन संध्याकाळपर्यंत भाषांतर पुरे केले, कारण उशीर झाला तर आणखी एखादी विधवा चितेवर जाईल. खाटल्यावरच्या हरीचा भक्त असे वागत नाही.

या शिकवणीने माणूस आपोआप सज्जन होतो, असे मात्र कोणी म्हणू नये. नेदरलँड्समध्ये १६१८-१९ च्या डॉर्टच्या कॅल्व्हिनपंथी धर्मसभेने, कॅल्व्हिनची निवडीची शिकवण न मानणाऱ्या आर्मिनियसच्या अनुयायांना दोषी ठरवले. सुमारे दोनशे धर्मोपदेशकांची पदे गेली. त्यांची पाठराखण करणारा वृद्ध मुत्सद्दी योहान फान ओल्डेनबार्नेफेल्ट याचा १३ मे १६१९ रोजी हेग येथे शिरच्छेद झाला. त्यामागे राजकारण होते हे खरे, पण धर्मसभेने त्या राजकारणाला बळ दिले हेही खरे. सारे देवाच्या कृपेने मिळते म्हणणाऱ्यांनी विरोधकांवर एवढी कमी कृपा दाखवावी, हा त्यांच्याच सिद्धांताचा पराभव होता. ज्याला आपले सगळे न कमावता मिळाले, त्याला दुसऱ्यावर गुरगुरण्याचा अधिकार कुठून येतो?

सर्वांत अवघड जागा अजून बाकी आहे. काहींना देव निवडतो, मग बाकीच्यांचे काय? खुद्द कॅल्व्हिनने या निर्णयाला भयंकर म्हटले आहे. आपल्या सिद्धांताचे ओझे तो जाणून होता. पण इच्छास्वातंत्र्य मानले की हे ओझे उतरते, हा भ्रम आहे. कोण नाकारणार हे देवाला आधीपासून ठाऊक होते आणि तरीही त्याने त्यांना निर्माण केले, असे मानले की तोच प्रश्न इरॅस्मसच्या दारातही उभा राहतो. तो टाळायचा तर भविष्य देवालाही पूर्ण ठाऊक नाही, असे म्हणावे लागते. १९९४ मध्ये धर्मशास्त्रज्ञ क्लार्क पिनॉक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तसे उघडपणे मांडले. त्यांचा प्रामाणिकपणा मोठा आहे, पण त्याची किंमतही तेवढीच मोठी आहे. बायबलमध्ये भावांनी गुलाम म्हणून विकलेला योसेफ मिसरात अधिकारपदी पोहोचल्यावर त्यांना सांगतो की तुम्ही वाईट योजले होते, देवाने त्याच कृत्यात चांगले योजले होते. भावांचा अपराध तो पुसून टाकत नाही आणि देवाचा हेतू नंतरची डागडुजी होती असेही म्हणत नाही. देवाला उद्याचा दिवस ठाऊकच नसेल, तर योसेफाला हे दुसरे वाक्य उच्चारता येणार नाही.