रविवार धरायचे की नाही?

जानेवारीतल्या एका रविवारी भाची घरी आली ती कालनिर्णय मागतच. दुधाचे खाडे मांडलेलं आमचं जुनं 2025 चं कॅलेंडर अजून खिळ्यालाच होतं, नव्याच्या मागे. ते तिने काढून जेवणाच्या टेबलावर पसरलं. दुसऱ्या नोकरीचं पत्र हातात आलं होतं, राजीनाम्याचा मसुदा मोबाइलमध्ये तयार होता आणि शेवटचा दिवस ठरला होता 15 फेब्रुवारी.

"मामा, मला ग्रॅच्युइटी मिळेल का रे? मी 1 जुलै 2021 ला लागले. साडेचार वर्षं झाली म्हणजे पाच धरतात ना?"

नाही धरत. सहा महिन्यांच्या वर गेलं की पुढचं वर्ष पूर्ण धरायचं, हा नियम रक्कम काढण्याचा आहे. सात वर्षं सात महिने झाले तर आठ वर्षांचा हिशेब होतो, तो त्यामुळे. पण रक्कम काढण्याआधी दार ओलांडावं लागतं आणि ते पाच वर्षांच्या सलग सेवेचं आहे. नोकरीत असताना मृत्यू आला किंवा अपघाताने, आजाराने अपंगत्व आलं, तरच कायम नोकरीतल्या माणसाची ती अट सुटते.

आता या दाराला एक फट आहे. सलग सेवेचं एक वर्ष म्हणजे काय, हे कायद्यानेच सांगितलंय: बारा महिन्यांत 240 दिवस काम. आठवड्याला सहा दिवसांपेक्षा कमी चालणाऱ्या ठिकाणी 190. याच आधारावर मद्रास उच्च न्यायालयाने 1996 साली निकाल दिला की, चार वर्षं पूर्ण आणि पाचव्या वर्षात 240 दिवस भरले असतील तर कामगार ग्रॅच्युइटीला पात्र आहे. बऱ्याच कंपन्या आजही हे मान्य करत नाहीत, पाच म्हणजे पाचच म्हणतात. पण भांडायला जमीन आहे.

भाचीचं ऑफिस सहा दिवसांचं. आम्ही पेन्सिल घेऊन बसलो. जुलै एकतीस, ऑगस्ट एकतीस, सप्टेंबर तीस... जानेवारीअखेर 215. वर फेब्रुवारीचे पंधरा. 230. दहा दिवस कमी!

"आणि हे लाल आकडे?" तिने रविवारांवर बोट ठेवलं.

खरी मेख तिथेच. भरपगारी रजा दिवसांत धरली जाते, बाळंतपणाची रजाही ठरलेल्या मर्यादेपर्यंत धरली जाते. रविवारचं काय? औद्योगिक विवाद कायद्यातल्या याच 240 दिवसांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली भरपगारी रविवार आणि सुट्ट्या धरायला सांगितल्या होत्या. तो आधार घेतला तर 25 फेब्रुवारीला तिचे 240 भरतात. मालकाने रविवार वगळायचे म्हटलं तर एप्रिल उजाडतो.

हे सगळं मला आज पाठ आहे, कारण 1999 मध्ये नव्हतं. भोसरीतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी चार वर्षं नऊ महिने काढून बाहेर पडलो. हेडक्लार्क चहा पाजत म्हणाले, "तीन महिने थांबला असतात तर काहीतरी मिळालं असतं हो." मला ते खरंच वाटलं. मद्रासचा निकाल तेव्हा तीन वर्षांचा झाला होता, पण भोसरीत तो कोण सांगणार? माझा बेसिक 4,200 होता. शेवटचा पगार गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले वर्षं. पाच धरून बारा हजार शंभरच्या आसपास होतात. तेव्हा घरात फ्रीज नव्हता, एवढंच सांगतो.

भाचीचा बेसिक तीस हजार. त्याच सूत्राने 86,538 रुपये होतात. दहा दिवसांसाठी सोडायची रक्कम नव्हे.

पण माझं डोकं तापलं ते तिचं नेमणूकपत्र पाहून. वार्षिक पॅकेजच्या तक्त्यात खाली बारीक अक्षरात लिहिलंय: ग्रॅच्युइटी, बेसिकच्या 4.81 टक्के. म्हणजे महिना 1,443 रुपये. नोकरी देताना हे पैसे तुमच्या पगारात मोजून आकडा फुगवायचा आणि पाच वर्षांच्या आत गेलात की तेच पैसे कधी तुमचे नव्हतेच म्हणायचं. बक्षीस असेल तर पॅकेजमध्ये मांडू नका. पॅकेजमध्ये मांडलं असेल तर जाताना द्या. 1972 चा ग्रॅच्युइटी कायदा एकाच गिरणीत, एकाच कारखान्यात आयुष्य घालवणाऱ्यांच्या काळातला. आज दर तीन वर्षांनी नोकरी बदलणाऱ्या पोरांना ती पाच वर्षांची अट म्हणजे नुसता गंडा आहे.

गंमत अशी की, त्या कायद्याच्या जागी 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्या माणसाला वर्षभरानंतरही सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी आहे. साखर कारखान्याच्या हंगामी कामगाराला प्रत्येक हंगामामागे सात दिवसांचा पगार धरतात. श्रमिक पत्रकारांना पाचऐवजी तीन वर्षं पुरतात. (आम्ही सदर लिहिणारे त्यात बसत नाही, चौकशी करून झाली.) कोरडा राहतो तो कायम नोकरीतला, साडेतीन-चार वर्षांनी बाहेर पडणारा माणूस.

भाचीने नव्या ऑफिसला फोन लावला, 15 फेब्रुवारीऐवजी 28 ला सुटते, 1 मार्चला गावी पोचायचंय, 2 ला रुजू होते म्हणाली. ते तयार झाले. मागणारा माणूस इतकं सहज मिळवू शकतो, हे मला या वयात कळलं.

जुन्या ऑफिसातल्या एचआरने मात्र तोंड वाकडं केलंच. "पाच वर्षं कुठे झालीत?" वर दटावणी, नोटिशीत काही कमी-जास्त झालं तर ग्रॅच्युइटी जप्त होईल म्हणून. हे साफ खोटं. मालमत्तेचं नुकसान, दंगामस्ती, हिंसा किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा, अशा कारणांनी कामावरून काढलं असेल तरच ती कापता किंवा जप्त करता येते. नोटिशीच्या दिवसांचा हिशेब वेगळा मांडावा.

28 फेब्रुवारीला तिचे, लाल आकडे धरून, 243 दिवस भरले. त्याच दिवशी तिने लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घेतली. 1999 मध्ये मी अर्जच केला नव्हता. देय झाल्यापासून तीस दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर व्याजासह. नाहीच दिले तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायचं.

तिचे तीस दिवस 30 मार्चला संपतात. कॅलेंडर खिळ्यालाच आहे.