दुसरी पंगत

ज्या सामन्यात एका पक्षाला हरण्याची भीतीच नसते, त्याला सामना म्हणावे काय, असा माझा साधा प्रश्न आहे. प्रश्न रग्बीच्या मैदानावरचा आहे. हा खेळ मराठी मुलखात फारसा रुजलेला नाही. मुंबईत जिमखान्याच्या मैदानावर पावसाळी चिखलात पंधरा-पंधरा गडी लंबगोल चेंडूसाठी एकमेकांना भिडताना दिसतात. रस्त्यावरचा माणूस क्षणभर थबकतो आणि आपल्या वाटेने निघून जातो. तेव्हा हा विषय दिवाळी अंकात कशाला, अशी शंका वाचकाला येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर पुढे देईन. आधी हकिकत.

२००६ साली आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने लिस्बन येथे ‘नेशन्स कप’ नावाची स्पर्धा सुरू केली. पुढल्याच वर्षी ती रुमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टला गेली आणि तेथे कित्येक वर्षे भरत राहिली. हेतू उत्तम होता. रुमानिया, जॉर्जिया, पोर्तुगाल, रशिया, नामिबिया, उरुग्वे अशा देशांना दोन विश्वचषकांच्या मधल्या काळात बड्या देशांशी झुंजायला मिळावे, हा तो हेतू. बडे देश आले. पण कोण आले? अर्जेंटिनाचा ‘अ’ संघ आला, इटलीचा ‘अ’ आला, स्कॉटलंडचा ‘अ’ आला. आपल्याकडे ‘अ’ म्हणजे पहिला. या शब्दकोशात ‘अ’ म्हणजे दुसरा. दक्षिण आफ्रिकेने तर आपल्या संघाचे नाव ‘उदयोन्मुख’ असे ठेवले. २००७ च्या जूनमध्ये जो देश बुखारेस्टला उदयोन्मुख म्हणून उतरला, तोच त्या ऑक्टोबरात पॅरिसला जगज्जेता झाला!

पहिली चार वर्षे चषक याच दुय्यम संघांनी नेला. मग २०१० मध्ये नामिबियाने तो जिंकला. २०१२ आणि २०१३ मध्ये रुमानियाने. या विजयांचे मोल मी कमी लेखत नाही. ज्यांना वर्षभर खेळायला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी मिळत नाही, त्यांना दहा-पंधरा दिवसांत तीन सामने मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. ही स्पर्धा भरवली, हे चांगलेच केले. माझी तक्रार निराळी आहे. स्कॉटलंडचा ‘अ’ संघ हरला, तर स्कॉटलंड हरत नाही. तो निकाल जागतिक क्रमवारीत धरला जात नाही, एडिंबरोत कोणाची झोप उडत नाही. समोरचा जॉर्जिया मात्र आपले पहिले पंधरा गडी आणि आपले नाव घेऊन उतरलेला असतो. एकाने सर्वस्व पणाला लावायचे आणि दुसऱ्याने खिशातली सुटी नाणी, हा कसला डाव?

आता वाचकाच्या शंकेचे उत्तर. ही कहाणी आपल्या ओळखीची आहे. १९५१-५२ च्या हंगामात इंग्लंडने हिंदुस्थानात जो क्रिकेट संघ धाडला, त्यात हटन नव्हता, कॉम्प्टन नव्हता, बेडसर नव्हता. तो दुय्यमच संघ होता. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला विजय हजारे यांच्या संघाने त्याला एक डाव आणि आठ धावांनी हरवले. विनू मंकड यांनी बारा बळी घेतले. आपला तो पंचविसावा कसोटी सामना आणि पहिला विजय. पण त्या संघाच्या माथ्यावर नाव ‘इंग्लंड’ असे होते आणि सामन्याला कसोटीचा दर्जा होता. म्हणूनच आज सत्तर वर्षांनंतरही हिंदुस्थानने इंग्लंडला हरवले असेच आपण म्हणतो, आणि कोणी हरकत घेत नाही. समजा, इंग्लंडने त्या संघाला इंग्लंड ‘अ’ म्हटले असते, तर? गडी तेच, खेळपट्टी तीच, मंकडांची फिरकीही तीच; विजय मात्र तळटीपेत जाऊन पडला असता. नाव लावणे न लावणे ही औपचारिक बाब आहे, असे ज्यांना वाटते, त्यांनी या एका उदाहरणाचा विचार करावा.

प्रतिपक्षाचे म्हणणे मला ठाऊक आहे. दुबळ्यांना बलाढ्यांपुढे उभे केले तर त्यांचा चेंदामेंदा होईल; त्यापेक्षा तुल्यबळ दुय्यम संघ बरे, असे ते म्हणतात. दाखले तयारच असतात. १९९५ च्या विश्वचषकात न्यूझीलंडने जपानला १४५-१७ असे चिरडले. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाने नामिबियाला १४२-० असे. दाखले खरे आहेत. परंतु त्याच जपानने २०१५ मध्ये ब्रायटनला दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ असे हरवले, हे सांगताना यांचा आवाज खाली जातो. जो देश चिरडला जाऊनही पुन्हा पहिल्या पंगतीत बसवला जातो, तो एक दिवस उभा राहतो.

आणि जो बसवला जात नाही, त्याचे काय होते, हे रुमानियाला विचारावे. १९८० मध्ये बुखारेस्टला रुमानियाने फ्रान्सला १५-० असे हरवले. १९८३ मध्ये वेल्सला. १९८४ मध्ये स्कॉटलंडला. १९८८ मध्ये तर वेल्सला त्यांच्याच घरी, कार्डिफला, १५-९ असे. त्या काळी युरोपात पाच राष्ट्रांची स्पर्धा होती. सहावे आसन मांडण्याची हीच वेळ होती. ते मांडले गेले नाही. १९८९ च्या डिसेंबरात क्रांती झाली. संघाचा नामवंत खेळाडू फ्लोरिका मुरारिऊ त्या धुमश्चक्रीत गोळी लागून ठार झाला. सैन्य आणि पोलीस यांच्या क्लबांवर उभा असलेला तो खेळ सरकारी आधार जाताच खचला. नेमक्या त्या वेळी ज्याला हात द्यायला हवा होता, त्याला कोणी हात दिला नाही. २००१ मध्ये इंग्लंडने रुमानियाला १३४-० असे हरवले. मग पाच वर्षांनी त्याच्या पानात ‘नेशन्स कप’ वाढण्यात आला.

सहावे आसन २००० साली इटलीला मिळाले. त्याबद्दल माझा आक्षेप नाही. २०१५ ते २०२२ या काळात इटलीने त्या स्पर्धेत ओळीने छत्तीस सामने गमावले, तरी तिचे आसन हलले नाही. आणि २०२४ मध्ये तिने स्कॉटलंड व वेल्स या दोघांनाही हरवून दाखवले. छत्तीस पराभव पचवण्याची सवलत मिळाली, म्हणून इटली सावरली. हीच सवलत जॉर्जियाला का नाही? २०११ ते २०२५ या काळात, एक २०१७ चा अपवाद सोडला, तर युरोपातील दुसऱ्या फळीचे विजेतेपद जॉर्जियाकडेच राहिले. २०२२ मध्ये तर त्याने बातुमीला इटलीचा पाडाव केला आणि कार्डिफला वेल्सला १३-१२ असे नमवले. एवढ्यावरही दार उघडले नाही. सहा राष्ट्रांची स्पर्धा हे आमचे खाजगी घर आहे, असे उत्तर मिळते. कायद्याने ते बरोबर असेल. पण २०२१ मध्ये त्याच घराचा सातवा हिस्सा एका गुंतवणूक कंपनीला विकताना सोवळे आड आले नाही!

मग जागतिक संस्थेने न्याय द्यावा म्हणावे, तर तिथला हिशेबही पाहण्याजोगा आहे. २०२० मध्ये अध्यक्षाची निवड झाली, तेव्हा एकूण मते ५१. त्यांतली ३० मते दहा बड्या मंडळांच्या हाती, प्रत्येकी तीन. लहान देशांची बाजू मांडणारा अर्जेंटिनाचा आगुस्तिन पिचोत २३ विरुद्ध २८ मतांनी पडला. २०२३ च्या ऑक्टोबरात पॅरिसला ठराव झाला: २०२६ पासून बारा-बारा देशांच्या दोन श्रेणी. वरच्या श्रेणीत सहा युरोपीय, चार दक्षिण गोलार्धातले, शिवाय जपान आणि फिजी. खालच्यांना वर चढण्याची सोय २०३० पूर्वी नाही. विश्वचषकात संघांची संख्या वीसवरून चोवीस केली, तेवढे श्रेय मी त्यांना देतो. परंतु ठराव व्हायच्या दोन-तीन आठवडे आधीच पोर्तुगालने विश्वचषकात फिजीला २४-२३ असे हरवले होते. फिजी वर, पोर्तुगाल खाली; आणि फेरविचार सात वर्षांनी. तिकडचे खेळाडू तोवर निवृत्त होतील.

माझे मागणे फार नाही. दुय्यम संघ जरूर पाठवा, पण देशाचे नाव लावून पाठवा, म्हणजे हरलात तर तुमचा देश हरला असे लिहिले जाईल. वर्षातून एकदा तरी पाहुणे म्हणून लहानांच्या अंगणात जा. सामोआच्या रक्ताचे गडी पिढ्यान्‌पिढ्या न्यूझीलंडच्या काळ्या सदऱ्यात खेळले. पण न्यूझीलंडचा संघ आपिया येथे पहिला कसोटी सामना खेळला तो २०१५ मध्ये. आणि सहा राष्ट्रांतला शेवटचा व बाहेरच्यांतला पहिला यांची दर वर्षी गाठ घालून द्या. शेवटचा जिंकला तर त्याने खुशाल आपल्या जागी बसावे. कोणी तक्रार करणार नाही. हरला तर मात्र त्याने उठावे. खेळ म्हणतात तो यालाच.