जेल पॉलिश ओरबाडू नका, कच्चं जेल कातडीला लागू देऊ नका

तुळशीची लग्नं लागली की लग्नसराई सुरू होते, आणि आता मेंदीबरोबर जेल पॉलिशचीही वेळ ठरवली जाते. दोन-दोन आठवडे चकाकी हलत नाही, भांडी घासली तरी टवका उडत नाही. मग ते लावावंसं वाटणारच. लावू नका असं मी म्हणत नाही. पण दोन गोष्टी आजपासून थांबवा, ही कळकळीची विनंती आहे: कड सुटलेलं जेल उचकटून काढणं, आणि ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त किटने घरच्या घरी जेल लावणं.

दुसरी गोष्ट आधी सांगते, कारण तिचं नुकसान भरून येत नाही.

बाटलीतल्या जेलमध्ये अ‍ॅक्रिलेट कुळातली रसायनं असतात. दिव्याच्या उजेडात ती एकमेकांत गुंफली जाऊन कडक थर बनतो. पूर्ण कडक झालेल्या थराचा सहसा त्रास होत नाही, त्रास होतो तो कच्च्या जेलचा. ते कातडीला पुन्हा पुन्हा लागत राहिलं तर अ‍ॅलर्जी जडू शकते. महिनोन्महिने काही जाणवत नाही. मग नखांभोवती खाज सुटते, बोटांची टोकं लाल होऊन भेगाळतात, नख खालच्या मांसापासून सुटू लागतं. कधी पापण्याच सुजतात आणि बाई काजळ बदलत बसते, नखांचा संशयही येत नाही.

ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते आणि नखांपुरतीही राहत नाही. दातात भरतात ते दाताच्या रंगाचं मिश्रण, सांधा बदलताना वापरतात ते बोन सिमेंट, मधुमेही दंडावर लावतात त्या सेन्सरचा गोंद, यांतही याच कुळातली रसायनं असू शकतात. विशीतल्या मुलीने हौसेने लावलेला रंग तिला साठीत ऑपरेशनच्या वेळी आडवा यावा, हे मला फार भयंकर वाटतं. यांतलं सर्वांत बदनाम रसायन म्हणजे हेमा. ते असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांनीच वापरावीत, असा नियम युरोपीय संघाने २०२० साली केला. आपल्याकडे कॉलेजातल्या मुली हॉस्टेलच्या खोलीत एकमेकींना जेल लावतात.

घरी काय चुकतं? एका कंपनीचं जेल, दुसऱ्याच कंपनीचा दिवा. थर जाड. वरून सुकलेलं दिसतं, आत कच्चंच राहतं. बाजूला ओघळलेलं पुसायचं राहून जातं आणि हात तसाच दिव्याखाली जातो. ज्या बाटलीवर घटकांची यादीच नाही, ती घेऊ नका. मुलींच्या आयांनो, घरात असं किट असेल तर आजच बाजूला काढा.

ब्युटीशियन ताईंनो, सर्वांत जास्त धोका तुम्हाला आहे. तुमचे हात रोज जेलमध्ये असतात, आणि पातळ हातमोज्यांतून त्यातली रसायनं काही मिनिटांतच आरपार जातात. जेल लागलेला हातमोजा लगेच बदला. ग्राहकाच्या नखाच्या मुळाशी असलेली क्युटिकल कापू नका. जंतू आत शिरू नयेत म्हणून ती तिथे असते.

दिव्याबद्दल थोडंसं. २०२३ साली कॅलिफोर्नियात प्रयोगशाळेतल्या पेशींवर जेलच्या दिव्याचा अतिनील प्रकाश सलग २० मिनिटं टाकला, तेव्हा २० ते ३० टक्के पेशी मेल्या. त्यावरून माणसाला कर्करोग होतोच असं सिद्ध होत नाही. तरी आधी हातांना सनस्क्रीन लावा, किंवा फक्त बोटांची टोकं उघडी ठेवणारे हातमोजे घाला.

आता ओरबाडण्याबद्दल. नख म्हणजे केराटिनचे एकावर एक बसलेले पातळ थर. जेल ओढलं की वरचे थर त्याच्याबरोबर निघून येतात. पांढरे चट्टे पडतात, नख पापुद्र्यासारखं होतं, गरम पाणीही झोंबतं. कोणतंही तेल ते थर परत आणत नाही. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवं नख यायला सहा महिने. कड सुटली असेल तर त्यावर नवा थरही चढवू नका. खाली पाणी साचून जंतू वाढतात आणि नख हिरवट पडतं.

काढायचं कसं? वरचा चकचकीत थर फाइलने हलका घासा. भोवतीच्या कातडीला पेट्रोलियम जेली लावा. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून वरून फॉइल गुंडाळा आणि १०-१५ मिनिटं थांबा. सुटलेलं तेवढंच लाकडी काडीने सरकवा. चिकटून असेल तर पुन्हा भिजवा, खरवडू नका. अ‍ॅसिटोन चटकन पेट घेतं, म्हणून गॅस आणि देवाजवळचा दिवा लांब हवा. शेवटी हात धुऊन खोबरेल तेल चोळा. पार्लरमध्ये जाताना एवढा वेळ हाताशी ठेवून जा. घाई केलीत तर समोरची बाई खरवडणारच.

आणि खाज सुटली असेल, तर पुढच्या लग्नापर्यंत थांबू नका. जेल नीट काढून घ्या, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, सोबत ती बाटली न्या आणि पॅच टेस्टबद्दल विचारा. अ‍ॅलर्जी निघाली तर दाताच्या डॉक्टरांना, आणि ऑपरेशन ठरलेलं असेल तर सर्जनलाही, आधीच सांगा.