सेनापती बेटावर, शिपाई वाळवंटात

नेतृत्व शिकावे तर ब्रिटिश सैन्याकडून, असे व्याख्यानांत हमखास सांगतात. शिक्षक म्हणून माझा सवाल एकच : कूतचे काय?

डिसेंबर 1915 मध्ये इराकातील कूत येथे तुर्कांनी जनरल टाउनशेंड यांच्या सहाव्या पुणे डिव्हिजनला वेढले. 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13 हजार जण शरण गेले. बहुसंख्य हिंदी होते. त्यांत मराठा पलटणी होत्या, मुसलमानही होते. कैदी शिपायांना वाळवंटातून पायी हाकण्यात आले. हजारो मेले. हाकणारे तुर्क होते, हेही मी लपवणार नाही. पण टाउनशेंड? ते इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले आणि कैदेतच 'सर' झाले!

हिंदी शिपायांनी धर्मापायी घोड्याचे मांस नाकारले, म्हणून टाउनशेंड यांनी दोष त्यांच्याच माथी मारला. बगदाद घेण्याची घाई शिपायांनी केली होती काय? ती वरिष्ठांची हाव होती.

मुलांना नेतृत्व जरूर शिकवा. पण ज्याला आपल्या शिपायांच्या हालांत वाटा नको, त्याला सेनापती म्हणायला शिकवू नका.