विश्लेषण : ज्यूकबॉक्सच्या कारखान्यातली रायफल संग्राहकांना का हवी असते?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या हाती आलेल्या काही रायफलींवर टाइपरायटर, ज्यूकबॉक्स आणि पंचकार्ड यंत्रे बनवणाऱ्या कंपन्यांची नावे आहेत. ‘एम-१ कार्बाइन’ हे या रायफलीचे नाव. अमेरिकेतील संग्राहक आज तिच्यासाठी चढे दाम मोजतात. मात्र याच हौसेपायी अनेक रायफलींचा खरा इतिहास पुसला जात आहे.

नागरी कारखान्यांकडे काम का गेले?

वाहनचालक, तोफखान्यातील जवान, संदेशवहन करणारे सैनिक यांना पिस्तूल अपुरे पडे आणि चार किलोंहून जड ‘गॅरंड’ रायफल अडचणीची होई. त्यांच्यासाठी १९४१मध्ये अडीच किलोंच्या आसपास वजनाची, १५ गोळ्यांची ही हलकी रायफल स्वीकारण्यात आली. मागणी लाखोंची होती आणि शस्त्रकारखाने आधीच कामात बुडालेले होते. त्यामुळे लोखंडाचे बारीक, अचूक काम करू शकणाऱ्या इतर कारखान्यांना कंत्राटे मिळाली.

कोणी किती बनवल्या?

एकूण ६० लाखांहून अधिक. दहा मुख्य कंत्राटदारांपैकी मुरलेली बंदूक कंपनी एकच, विंचेस्टर. तिचा वाटा सुमारे ८ लाख २८ हजारांचा. सर्वाधिक, म्हणजे सुमारे २६ लाख रायफली जनरल मोटर्सच्या ‘इनलँड’ विभागाने बनवल्या. टाइपरायटरवाल्या अंडरवुडने सुमारे ५ लाख ४५ हजार, आयबीएमने ३ लाख ४६ हजार, तर शिकागोच्या ‘रॉक-ओला’ या ज्यूकबॉक्स कंपनीने २ लाख २८ हजार रायफली दिल्या.

सर्वांनाच हे जमले नाही. ग्रँड रॅपिड्सच्या ‘अर्विन-पेडरसन’ची एकही रायफल लष्कराच्या तपासणीत उतरली नाही. १९४३मध्ये तिचे काम जनरल मोटर्सच्याच ‘सॅगिनॉ’ विभागाकडे गेले. गंमत अशी, की या फसलेल्या कंपनीची खूण असलेली रायफल आज सर्वात दुर्मीळ गणली जाते.

इतक्या कारखान्यांचा मेळ कसा बसला?

अट एकच होती : कोणत्याही कारखान्याचा सुटा भाग दुसऱ्याच्या रायफलीत बसलाच पाहिजे. एखाद्याकडे एखादा भाग कमी पडला, तर तो दुसऱ्याकडून पाठवला जाई. प्रत्येक भागावर बनवणाऱ्याचे सांकेतिक अक्षर असे. आयबीएमचे ‘बी’, अंडरवुडचे ‘यू’, रॉक-ओलाचे ‘आर’. म्हणजे अगदी नवीकोरी रायफलही बरेचदा दोन-तीन कंपन्यांची अक्षरे घेऊनच बाहेर पडे.

संग्राहक काय तपासतात?

मुख्य सांगाड्यावरचे नाव व क्रमांक, नळीवरची खूण आणि प्रत्येक सुट्या भागावरचे अक्षर. युद्धानंतर लष्करी डेपोंत या रायफली सुट्या करून, साफ करून, हाती येईल त्या भागांनी पुन्हा जोडल्या गेल्या. नवे दर्शक आणि संगीन अडकवण्याची खाचही तेव्हाच अनेकींना बसली. रॉक-ओलाचे उत्पादन संगिनीची सोय येण्याआधीच, १९४४मध्ये थांबले होते. तेव्हा रॉक-ओलाच्या रायफलीवर ती खाच दिसली, की ती डेपोतून जाऊन आली हे जाणकार लगेच ओळखतात.

मग वाद कशावरून?

१९६३मध्ये अमेरिकी सरकारने अशा रायफली नॅशनल रायफल असोसिएशनच्या सदस्यांना २० डॉलरला विकल्या. त्या काळी नळीवर कोणाचे अक्षर आहे, याने फारसे काही बिघडत नव्हते. आता बिघडते. म्हणून डेपोत बसवलेले भाग काढून, बाजारातून ‘जुळणारे’ भाग मिळवून रायफल ‘मूळ रूपात’ आणली जाते. काही विक्रेते ही दुरुस्ती सांगत नाहीत आणि भाव अस्सलचा लावतात. अशी ‘सजवलेली’ रायफल अस्सलमध्ये मिसळली, की पुढच्या अभ्यासकाला कारखान्यातून नेमके काय बाहेर पडले, हे कळणेच अवघड होते.

जपायचे काय?

स्वतःच्या मालकीच्या वस्तूचे काय करावे, हा मालकाचा हक्क आहे, हे खरे. पण विकताना केलेला बदल सांगणे, ही किमान अपेक्षा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या रायफलीची नळी एकाची, दस्ता दुसऱ्याचा आणि चाप तिसऱ्याचा, ती बिघडलेली नव्हे. टाइपरायटर आणि ज्यूकबॉक्स बनवणाऱ्या कामगारांनी एकाच मापाला घट्ट धरले, तेच तिचे खरे यश. सगळी अक्षरे एकाच कंपनीची करून दाखवणे, म्हणजे नेमकी हीच गोष्ट खोडून टाकणे होय. भेसळ वाटणाऱ्या रायफलीला कमी भाव मिळत असेल, तर चूक रायफलीची नाही. भाव ठरवणाऱ्या नजरेची आहे.