गाळणी लावली तरी थर साचतोच

कॅराव्हॅन पार्कात पाणी मिळाले नाही, तर तक्रार त्याच दिवशी होते. मिळालेल्या पाण्याने गाडीच्या गिझरचे काय केले, हे मात्र वर्ष-दोन वर्षांनी कळते आणि तोवर ते पाणी कोणत्या गावचे होते हे कोणालाच सांगता येत नाही. पर्यटनाच्या सोयींवरच्या या सदरात गिझरच्या तळाशी बसलेल्या चुन्याला जागा द्यायची ती यासाठीच. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि त्यात गाड्यांबरोबर पार्कांचाही विचार केला. पण पाण्याचा विचार आपल्याकडे बहुधा बोअर मारून नळ बसवला की संपतो. माझे म्हणणे असे की कठीण पाणी मऊ करण्याचे काम पार्काने नळाशीच करावे. ते प्रत्येक गाडीवाल्याच्या गळ्यात मारणे महाग तर आहेच, शिवाय जमिनीलाही घातक आहे.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. गढूळपणा, खारेपणा आणि कठीणपणा ही तीन वेगळी दुखणी आहेत, पण दुकानात तिन्हींवर एकच औषध हातात ठेवले जाते. वाळू, माती, गंज यांचे कण पाच मायक्रॉनच्या गाळणीत अडकतात. बादलीत तुरटी फिरवली तरी खाली बसतात. कठीणपणा आणणारे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाण्यात पुरते विरघळलेले असतात, ते गाळणीतून सरळ पलीकडे जातात. आरओवाला ग्लासात बुडवून दाखवतो तो टीडीएस मीटरही इथे कामाचा नाही. तो विरघळलेले एकूण क्षार दाखवतो, त्यात कॅल्शियम किती आणि सोडियम किती हे त्याला कळत नाही. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात हा आकडा फुगतो तो बराचसा सोडियमच्या क्षारांमुळे. उलट सॉफ्टनरमधून, म्हणजे रेझिनवर कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून बदल्यात सोडियम सोडणाऱ्या यंत्रातून, निघालेल्या मऊ पाण्याचा टीडीएस जवळपास होता तेवढाच राहतो आणि मीटरवर विश्वास ठेवणारा म्हणतो, यंत्र चालतच नाही.

खरा प्रकार पाणी तापल्यावर सुरू होतो. पाण्यात विरघळलेले बायकार्बोनेट उष्णतेने फुटते, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट उरते. साखर-मीठ गरम पाण्यात अधिक विरघळतात. याचे उलटे आहे, पाणी जितके गरम तितके हे कमी विरघळते. म्हणून थर धरतो तो तापणाऱ्या कॉइलवर आणि टाकीच्या तळाशी, म्हणजे जिथे उष्णता पाण्याला मिळायला हवी नेमका तिथे. हिशेब करून पाहा. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम कठीणपणाचे पाणी आणि दिवसाला १०० लिटर गरम पाणी धरले, तर शंभर दिवसांत तीन किलो कठीणपणा गिझरमधून जातो. त्यातला दहावा हिस्सा बसला, तरी तीनशे ग्रॅम चुना झाला, आणि गाडीतला गिझर असतो वीस-बावीस लिटरचा. घरातला गिझर निदान एका जागी टांगलेला असतो. इथे रस्त्याचे धक्के बसतात, थराचे पापुद्रे सुटतात आणि शॉवरच्या जाळीत, नळाच्या कार्ट्रिजमध्ये, पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात. टाकी नसलेल्या झटपट गिझरमध्ये तर पाणी अरुंद नळीतून जाते, तिथे थोडा थरही पुरतो.

यावर पहिले उत्तर येते की पाणी पिण्यायोग्य असल्याचे प्रमाणपत्र आहे, मग अडचण काय? अडचण अशी की ते प्रमाणपत्र माणसासाठी आहे. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक, आयएस १०५००, कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा २०० मिलिग्रॅम सांगते आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा देते. सहाशेचे पाणी नियमात बसते, त्यात डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही आणि गिझर मरतो.

गाडीवाल्याने आपले आपण पाहावे ही पद्धत अमेरिकेत आहे, आणि तिचे परिणामही तिथेच दिसतात. लास वेगासच्या नळाला येणारे पाणी मुख्यतः कोलोराडो नदीचे, लेक मीडमधले. कठीणपणा साधारण २८० मिलिग्रॅम. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या वर्गवारीत १८० च्या वरचे पाणी ‘अति कठीण’ ठरते. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटजवळ सरकारी वाळवंटी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा मुक्कामाचा हंगामच असतो. अशा प्रदेशात फिरणारे पुष्कळ मोटरहोमवाले स्वतःचा सॉफ्टनर बरोबर बाळगतात. सोळा हजार ग्रेन क्षमतेचे सिलिंडर ३०० मिलिग्रॅमच्या पाण्याला सुमारे साडेतीन हजार लिटर पुरते. मग त्यात दीड-दोन किलो मीठ घालून रेझिन पुन्हा ताजे करायचे. हे खारे पाणी कुठे जाते? जिथे गाडी उभी असेल तिथे. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लॅरिटा खोऱ्यात नदीत क्लोराइड वाढले, तेव्हा २००८ मध्ये मतदारांनीच घरोघरचे स्वयंचलित मीठवाले सॉफ्टनर बंद करण्याला कौल दिला. आपल्याकडची काळी माती तर सोडियमला फारच नाजूक. सोडियम वाढले की तिचे कण विस्कटतात, निचरा थांबतो. खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही.

मग मऊ करूच नका, वर्षातून दोनदा व्हिनेगर घाला, असे सुचवणारे आहेत. व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड थर विरघळवते, यात शंका नाही, आणि गिझर थंड करून, पाण्याचा दाब उतरवून तळाचा बूच काढून धुणे हे प्रत्येकाने करावेच. पण पोलादी टाकीत गंज अंगावर घेण्यासाठी बसवलेला मॅग्नेशियमचा रॉड आधी काढायला हवा, नाहीतर ॲसिड त्यालाच खाते. भाड्याच्या गाडीत हे कोण करणार? आपल्याकडच्या बहुतेक कॅराव्हॅन भाड्यानेच फिरणार आहेत. आज नाशिककडचे कुटुंब, उद्या पुण्याचे. बूच कोणाच्याच वाट्याला येत नाही. आरओ गाडीत बसवणे म्हणजे आधीच मोजक्या असलेल्या पाण्यातले बरेचसे सांडून देणे. नळीला चुंबक बांधण्याच्या उपायाला भरवशाचा पुरावा मला दिसलेला नाही. पॉलिफॉस्फेटचे छोटे कार्ट्रिज गिझरच्या आधी लावले तर थर धरायला वेळ लागतो. ते स्वस्त आहे, लावावे, पण कठीणपणा त्याने जात नाही.

सोडियमचा आक्षेप मात्र खरा आहे. ३०० मिलिग्रॅमचे पाणी पूर्ण मऊ केले तर लिटरमागे सुमारे १३८ मिलिग्रॅम सोडियम त्यात उतरते. निरोगी माणसाच्या जेवणातल्या मिठापुढे ते थोडे, पण रक्तदाबाच्या रुग्णाला नको. म्हणून पार्कात दोन नळ हवेत, एक मऊ पाण्याचा, गिझर आणि धुण्यासाठी, आणि एक साध्या पाण्याचा, पिण्याच्या कॅनसाठी. सॉफ्टनरचे रेझिन पार्कात धुवायचेच नाही. भरलेले सिलिंडर काढून शहरात पाठवायचे, तिथून ताजे आणायचे, म्हणजे खारे पाणी एका जागी गोळा होते आणि त्याची विल्हेवाट कोणाची हे ठरवता येते. खर्च वाढेल, ही पार्कचालकांची हरकत मला पटते, पण सगळ्याच पार्कांना याची गरज नाही. कोकणात किंवा घाटमाथ्यावर धरणाचे किंवा झऱ्याचे पाणी असेल, तर ते बहुधा मऊच निघेल. मराठवाड्यातल्या खोल बोअरचे तसे नसेल. अंदाजावर न जाता मोजावे. थेंब टाकून रंग बदलणारे किट साधे असते, आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेतच. परवाना देताना उन्हाळ्यातली आणि पावसाळ्यानंतरची अशा दोन तपासण्या मागाव्यात, कारण बोअरचे पाणी ऋतूप्रमाणे बदलते, आणि आकडा नळाशेजारी पाटीवर लिहावा. २०० च्या वर गेला तर सॉफ्टनर सक्तीचा. तोवर निदान ती पाटी वाचून गाडीवाला ठरवेल, टाकी इथे भरायची की पुढच्या गावी.